जिवंत गाळ

१२ जानेवारी, सोमवार

आज पुन्हा खुर्ची पुसूनच बसले. दोघे ऑपरेटर खिडकीतून बघून हसले. हसू देत. बावीस वर्षं मी एका मोठ्या इस्पितळाची स्वच्छता सांभाळली आहे. माझ्या वॉर्डात माशी शिरली तर तिला वाट चुकल्यासारखं व्हायचं. आणि बढती म्हणून मिळालं काय, तर गावाचं सांडपाणी केंद्र. फेब्रुवारीअखेर परीक्षक येऊन शेरा मारतील. चांगला मारला तर व्यवस्थापकाची ही जागा कायमची माझी, नाहीतर मी घरी.

गावातलं सगळं वाहून इथं येतं. आधी जाळीत चिंध्या, केस आणि लोकांना लाज वाटायला हव्यात अशा वस्तू अडकतात. मग ते पाणी हवेच्या टाकीत जातं. तळातून पंप हवा सोडतात आणि वर तपकिरी रबडी रात्रंदिवस उकळल्यासारखी फुगत राहते. पुढच्या टाकीत गाळ खाली बसतो, वरचं पाणी नदीला जातं. आणि तळाचा गाळ? तो पंपानं परत पहिल्या टाकीत. घाण काढायची आणि परत आत घालायची. याला हे लोक शास्त्र म्हणतात.

प्रयोगशाळेत एकच माणूस आहे. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसतो म्हणून त्याला सगळे काचवाला म्हणतात. आज मला बळंच बोलावलं. काचेखाली तपकिरी गोळे होते आणि त्यांवर देठ असलेले छोटे पेले. मधूनच दचकल्यासारखे आखडायचे, परत उघडायचे. "किती छान आहेत ना मॅडम?" म्हणाला. तान्ह्या बाळाला बघावं तसा चेहरा. मी हात धुऊन आले.

१५ जानेवारी, गुरुवार

टाकीवर फेस चढलाय. तपकिरी, चिकट, हातभर जाड. कठड्यावरून खाली ओघळतोय. मंगळवारी साहेब पाहुण्यांना घेऊन केंद्र बघायला येणार आहेत आणि मी त्यांना हे दाखवू?

काचवाल्याला विचारलं तर व्याख्यान सुरू. म्हणे थंडीत दोऱ्यांसारखे जंतू माजतात, त्यांचा हा फेस. जुना गाळ रोज थोडा थोडा काढून टाकायचा, हवा सांभाळायची, दोन-तीन आठवड्यांत आपोआप तोल येतो. म्हणे टाकीतलं एकही जित्राब फुकटचं खात नाही. साधे जंतू मैला खातात, पेले सुटे जंतू खातात म्हणून पाणी निवळतं, अळ्या पेल्यांना खातात म्हणून पेले माजत नाहीत, आणि सगळे मिळून गोळे बांधतात म्हणून गाळ तळाला बसतो. मी म्हटलं, माझ्याकडे मंगळवारपर्यंत वेळ आहे, त्यांच्या पंगती उठेपर्यंत थांबायला नाही. तो गप्प बसला. गप्प बसताना सुद्धा शहाणपण दाखवतो.

संध्याकाळी नवऱ्याला त्याच्या बहिणीचा फोन. ती खालच्या गावच्या केंद्राची प्रमुख आहे, आमच्या नदीच्या काठावरच, दोन तासांच्या रस्त्यावर. माझ्याशी बोलत नाही. मीही बोलत नाही. सासूबाई शेवटच्या दुखण्यात आमच्याकडे होत्या तेव्हा मी त्यांची खोली काचेसारखी लख्ख ठेवली होती. तर वन्सं सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आईला माणसाचा वास हवा होता गं, फिनाईलचा नाही." ते मी विसरले नाही आणि विसरणारही नाही.

फोन ठेवून नवरा म्हणाला, ताई विचारत होती, तुमच्याकडे फेस आलाय का. हिला कसं कळलं? माझ्या केंद्रात हिचा कुणीतरी हेर आहे. माझा संशय काचवाल्यावर.

१८ जानेवारी, रविवार

झालं एकदाचं काम.

इस्पितळाच्या भांडारातला माणूस अजून माझं ऐकतो. ऑपरेशनच्या खोल्या ज्यानं पुसतात त्या जंतुनाशकाचे पिंप त्याच्याकडून आणवले. रविवारी काचवाला येत नाही. ऑपरेटरांना जाळी साफ करायला पाठवलं आणि स्वतः मास्क, हातमोजे, बूट घालून टाकीच्या चारही बाजूंनी सोडलं. शेवटचं पिंप रिकामं झालं तेव्हा तपकिरी थर फाटत गेला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा या जागेला ओळखीचा वास आला. मला भरून आलं, खोटं कशाला लिहू.

२० जानेवारी, मंगळवार

साहेब खूश. तपकिरी फेसाच्या जागी आता पांढरा, हलका फेस आहे, साबणासारखा. एका पाहुण्यांनी तर त्याचा फोटो काढला. साहेब म्हणाले, आधीच्या व्यवस्थापकांना जे वर्षानुवर्षं जमलं नाही ते तुम्ही करून दाखवलंत. मी म्हटलं, मनावर घेतलं की होतं.

काचवाला सगळा वेळ टाकीशी उभा होता. पाहुण्यांशी एक अक्षर बोलला नाही. उद्या त्याला शिष्टाचार शिकवला पाहिजे.

२१ जानेवारी, बुधवार

सकाळी तो माझ्या केबिनमध्ये आला, दार न वाजवता. म्हणाला, "मॅडम, काचेखाली काहीच हलत नाही."

मी बघितलं. पेले होते, पण देठापासून तुटलेले, फुगलेले. गोळे विस्कटलेले. खरं सांगायचं तर मला त्यात वाईट काय ते कळलं नाही. इस्पितळात असं दृश्य दिसलं असतं तर मी सगळ्यांना पेढे वाटले असते.

मग त्यानं मला शेवटच्या टाकीशी नेलं. गाळ तळाला बसतच नव्हता. तसाच्या तसा कठड्यावरून नदीला चालला होता, राखाडी. काय गेलं असेल टाकीत, त्यानं विचारलं. मी म्हटलं, वरच्या अंगाला धुलाईचा कारखाना आहे, त्यांनीच काहीतरी सोडलं असणार. तो म्हणाला, असेल. तो शब्द त्यानं जसा उच्चारला तो मला अजिबात आवडला नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

वास. आधीचा वास परवडला. आता सडक्या अंड्यांचा, घशात बसणारा. नदीकाठी गेले तर मासे पाण्याच्या वर तोंड काढून उघडमीट करत होते. पाण्यात हवाच उरली नाही, काचवाला म्हणाला. जी घाण टाकीतल्या जंतूंनी आमच्या पंपाची हवा घेऊन संपवायची, ती आता नदीतले जंतू नदीची हवा घेऊन संपवताहेत. माशांच्या वाट्याला काय राहणार. दुपारपर्यंत बरेचसे पोट वर करून वाहत गेले.

खालचं गाव हीच नदी पितं. त्यांनी आज नळ बंद केले. आता टँकरनं पाणी वाटतील.

साहेबांचा फोन आला. धुलाई कारखान्याचं सांगितलं. चौकशी लावतो म्हणाले. एकदा बोललेलं बदलता येत नाही, आणि साहेबांसमोर तर नाहीच. माझ्या हातावर पुरळ उठलंय, रोजचाच साबण आहे तरी.

काचवाल्याला विचारलं, नव्यानं सुरू करायचं तर? म्हणाला, हे कारखान्यातून येत नाही. मैल्यातून जंतू येतील, मग त्यांना खाणारे, मग त्यांना खाणारे. प्रत्येकाला आधीच्याची वाट बघावी लागते. थंडीत दीड-दोन महिने. नाहीतर दुसऱ्या केंद्रातून जिवंत गाळ आणायचा, विरजणासारखा. पण हवेवाचून तो फार तर तीन तास टिकतो. तीन तासांच्या आत एकच केंद्र आहे.

कुणाचं ते लिहायला माझा हात धजत नाही.

२५ जानेवारी, रविवार

बाजारात मिळणारी जंतूंची पावडर काल आणून घातली. मैल्यात पीठ कालवल्यासारखं झालं, बाकी काही नाही. नवरा दोन दिवस जेवताना माझ्याकडे बघत नाहीये. त्याची बहीण आणि भाचरं बादल्या घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहतात, हे त्यानं सांगितलं नाही, पण मला कळतं.

शेवटी मीच फोन लावला. इतक्या वर्षांनी. नाक घासायची वेळ आली तर निदान स्वतःच्या नाकानं घासावं.

"ताई, मी बोलतेय."

"कळलं. टाकी गेली ना?"

हे असं. कशी आहेस नाही, काही नाही. मी गाळ मागितला.  त्यांनी विचारलं, टाकीत नक्की काय गेलं. मी म्हटलं, धुलाईचा साबण. नक्की? नक्की. साबण असेल तर एव्हाना वाहून गेला असेल, म्हणाल्या, मंगळवारी टँकर पाठवते. मला वाटलं होतं ऐकवतील, मीठ चोळतील. काही नाही. त्याचाच जास्त राग आला. माणसानं भांडायचं तरी नीट.

२७ जानेवारी, मंगळवार

टँकर आला. नळी जोडली आणि तपकिरी गाळ टाकीत कोसळायला लागला. त्याला पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो, हे मी लिहून ठेवते कारण माझा विश्वास बसला नाही. काचवाला नमुना घेऊन पळाला. मला हाक मारली, मी गेले. पेले उघडमीट करत होते. चाकांसारखं काहीतरी तोंडाशी फिरवणारे दुसरे कुणी होते, ते आसपासचं सगळं आत ओढत होते. किळस आली. तरी बराच वेळ बघत बसले.

२८ जानेवारी, बुधवार

सगळं मेलं.

काचवाल्यानं मायक्रोस्कोपवर कापड टाकलं, तो पाणी प्यायला आणि म्हणाला, "साबणानं असं होत नाही मॅडम. जे काही आहे ते मेलेल्या गाळाला चिकटून बसलंय. जे जिवंत येईल त्याला तेच मारणार. काय आहे ते मला माहीत नाही. ज्याला माहीत आहे त्यानं सांगावं." माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीकडे बघून बोलला.

मेलेल्या गाळाला चिकटून बसतं. बरोबर आहे. म्हणून तर मी ते इस्पितळात वापरायचे. एकदा पुसलं की कितीतरी वेळ पृष्ठभाग जंतू धरत नाही. पिंपावर मोठ्या अक्षरात हेच लिहिलेलं असतं, आणि मी तेच वाचून ते निवडलं होतं.

२९ जानेवारी, गुरुवार

फोनवर बोलणं जमलं नसतं. नवऱ्याला म्हटलं, गाडी काढ. खालच्या गावात चौकाचौकात रांगा होत्या. एक म्हातारी भरलेली कळशी दोन पावलांवर खाली ठेवायची, परत उचलायची. माझं केंद्र कोणतं ते तिला माहीत असतं तर तिनं ती माझ्या डोक्यात घातली असती, आणि मी वाकले असते असं आज वाटतंय.

वन्सं टाकीच्या कठड्यावर उभ्या होत्या. केस पांढरे झालेत. त्यांच्या टाकीवरही फेस होता, आमच्यासारखाच तपकिरी. थंडीनं, म्हणाल्या. पंधरवड्यापूर्वी विचारत होते ना, तुझ्याकडेही आलाय का, तू काही करतेयस का. दोघींनी मिळून ठरवलं असतं. तुला गाळ दिला तो या अशा टाकीतून, म्हणाल्या.

मला खाली बघण्यावाचून उपाय राहिला नाही.

"साबण नव्हता," मी म्हटलं.

"मग?"

"ऑपरेशनच्या खोल्या पुसतात ते. मीच घातलं. पिंपं."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं मारतील. अगदी हळू बोलल्या. "म्हणजे मी पाठवलेला टँकर तू जाणूनबुजून विषात ओतलास."

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण कळत नव्हतं असं म्हणणंही खरं नव्हतं. कळून घ्यायचं नव्हतं. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, टाकी पूर्ण रिकामी कर. तो गाळ नदीत नाही, पक्क्या खड्ड्यात. भिंती धू, साध्या पाण्यानं, ऐकतेयस ना, साध्या पाण्यानं. मग दुसरा टँकर पाठवते. आणि शेवटी: "तुझ्याबद्दल कळवळा आलाय असं समजू नकोस. मला खाली पाणी प्यायचंय."

चहा विचारला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही नसता विचारला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

टाकी धुतली. मी स्वतः उतरले होते, ऑपरेटरांना वाटलं बाई बिघडल्या. एवढं घासायचं आणि हातात नुसत्या साध्या पाण्याची बादली. सवयीनं दोनदा म्हटलं, जरा काही घालू या का. काचवाल्यानं नुसतं बघितलं.

दुपारी दुसरा टँकर आला. नळी मीच धरली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

जगलं. काचवाला रोज क्रम सांगतो. आधी भरधाव पोहणारे आले, मग सरपटणारे, मग पेले, कालपासून चाकवाले. प्रत्येकजण आधीच्याला खाऊन पुढच्यासाठी जागा करतो. यात देखरेख करणारा कुणी नाही. माझ्यासारखी बाई नसूनही सगळं चालतं, हे पचायला जड आहे. पाणी अजून गढूळ आहे, पण नदीच्या पात्रात हात घातला तर बोटं दिसतात. खालचे नळ अजून बंदच आहेत.

साहेबांनी धुलाई कारखान्याला नोटीस दिली आहे. मालकीणबाई माझ्या केबिनमध्ये येऊन तासभर ओरडल्या. मी ऐकून घेतलं. खरा दोष माझा आहे हे त्यांना माहीत नसताना त्या इतक्या ओरडल्या, माहीत असतं तर काय केलं असतं कोण जाणे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

नवऱ्यानं आज भांडी आपटली. म्हणाला, ताईची टाकी खचत चाललीये. दोन टँकर देऊन तिच्याकडे थंडीपुरता गाळ उरला नाही. तिच्यावर ठपका ठेवून बदली करणार आहेत. निष्काळजीपणा म्हणे. तिनं कुणाला सांगितलंच नाही की गाळ कुठे गेला. तुलाही सांगू नकोस असं मला बजावलंय.

म्हणजे मी सुखी व्हायला हवं होतं. इतकी वर्षं याच दिवसाची वाट बघितली. पोळी तशीच टाकून उठले.

काचवाल्याला फोन केला. परीक्षक गुरुवारी येणार. ते पाणी बघतात आणि टाकीत गाळ किती आहे तेही मोजतात. आजच्या घडीला आमचा गाळ मोजणीला कसाबसा पुरतो. तिसरा हिस्सा खाली पाठवला तर नदीला फरक पडणार नाही, पाणी निवळच जाईल, पण गाळाच्या मोजणीत आपण नापास. तो म्हणाला, महिनाभर थांबलं तर दोन्ही जमेल. मी विचारलं, त्यांच्या टाकीला महिना आहे का. नाही, म्हणाला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

टँकरबरोबर मीच गेले. वाटेत रस्त्याचं काम निघालं आणि आम्ही अडकलो. मी उतरून त्या मुकादमाशी जी भाषा बोलले ती इथं लिहीत नाही. टँकरमध्ये कुणाचा जीव अडकलाय का, त्यानं विचारलं. मी म्हटलं, हो, मोजता येणार नाहीत इतक्यांचा. सोडलं.

वन्संनी आधी नमुना काचेखाली धरला. बराच वेळ बघत राहिल्या. मग वळून म्हणाल्या, "परवा तुझी तपासणी आहे."

"हो."

"मग हा कुठून आणलास?"

"टाकीतून. दुसरीकडे कुठे मिळतो?"

त्या झडप उघडायला गेल्या. जुनी, गंजलेली, एकट्यानं फिरत नाही. दोघींनी मिळून फिरवली. एकमेकींकडे बघायचं टाळून.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

परीक्षक सभ्य माणूस. पाणी उत्तम म्हणाले, पण गाळ कमी का? साहेब लगेच पुढे आले. बाहेरून काहीतरी आलं होतं, चौकशी सुरू आहे, धुलाई कारखाना वगैरे. परीक्षक म्हणाले, तसं असेल तर बाह्य कारण लिहितो, शेऱ्यावर परिणाम होणार नाही. त्यांनी लिहायला सुरुवात केली. माझ्याकडे कुणी बघतही नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. तेवढं मला जमायला हवं होतं.

"बाहेरून नाही आलं," मी म्हटलं. "मी जंतुनाशक घातलं. टाकी मारली. खालच्या केंद्रानं दोनदा गाळ दिला, पहिला मी खोटं बोलून मारला. त्यांची टाकी त्यानं खचली म्हणून आमचा तिसरा हिस्सा त्यांना दिलाय. त्यांच्या कागदावर निष्काळजीपणा लिहिला असेल तर तो खोडा. कारखान्याची नोटीसही मागे घ्या."

साहेब लाल झाले. बाहेर नेऊन म्हणाले, अहो, कुणी विचारलं होतं का तुम्हाला? मी म्हटलं, नाही. काचवाला कोपऱ्यात बाटल्या पुसत होता. त्याच बाटल्या, पुन्हा पुन्हा.

उद्या चाव्या द्यायच्या आहेत.

३ मार्च, मंगळवार

घरी. खिडक्या पुसून झाल्या. कपाटं झाली. काल नवरा म्हणाला, आता माझ्याकडे मोर्चा वळवू नकोस. हसला. महिन्याभरात पहिल्यांदा.

दुपारी फोन वाजला. वन्संचं नाव दिसलं. मी उचलला, हॅलो म्हटलं. पलीकडून आवाज नाही. मग फोन कुठेतरी नेल्यासारखा खडखड झाला, नळ फिरवल्याचा कर्र आवाज, हवा अडकून दोन-तीनदा फुसफुसली, आणि पाणी सुटलं. बादलीत पडायला लागलं. आधी पत्र्यावर, मग पाण्यात पाणी.

त्या काही बोलल्या नाहीत. मीही नाही. बादली भरली असणार, कारण आवाज बदलला, काठावरून सांडत होतं. एरवी मी ओरडले असते, नळ बंद करा, फरशी ओली होतेय. आज ओरडले नाही. ऐकत उभी राहिले.